गाठ गेली, पुढची दहा वर्षं

मावळातल्या कान्हे स्टेशनावर सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्यांत नोकरदार असतात, कॉलेजची पोरं असतात आणि मधूनच हातात जाड प्लॅस्टिकची पिशवी घेतलेली एखादी बाईही असते. पिशवीत रिपोर्ट आणि हॉस्पिटलची फाइल. ऑपरेशन झालेलं, केमोच्या सायकली संपलेल्या, लाइट, म्हणजे रेडिएशन, घेऊन झालेली. डॉक्टर सांगतात, ‘आता तीन महिन्यांनी दाखवायला या.’ गावात बातमी पोचते की बाई बरी झाली. घरी परतल्यावर मात्र तिला जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं फाइलमध्ये नसतात. हंडा उचलायचा की नाही? यंदा लावणीला जायचं का? त्या हातात बांगड्या भरायच्या का? आणि ही रोजची गोळी किती दिवस?

स्तनाच्या कर्करोगानंतर पाच, दहा, वीस वर्षं धडधाकट जगणाऱ्या बायका आता थोड्या नाहीत. आजार लवकर सापडला तर तसं होण्याची शक्यता चांगलीच वाढते. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो. म्हणजे उपचार संपतात तेव्हा बाई बहुधा संसाराच्या ऐन मध्यावर असते. मुलं शाळेत, सासू-सासरे घरात, शेत किंवा नोकरी सुरू. अशा बाईला ‘आता आराम कर’ एवढंच सांगून भागत नाही.

सुरुवात हातापासून करावी, कारण मावळात बाईचं सगळं काम हातावर चालतं.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातातला लसीका नावाचा द्रव वाहून नेणारे मार्ग तुटतात. भातखाचरातली चारी बुजली की पाणी जसं साचतं, तसा हा द्रव हातात साचतो आणि हात सुजतो. त्याला वैद्यकात लिम्फेडीमा म्हणतात. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचांत एकीला ही सूज येते. सेंटिनल नोड पद्धतीनं मोजक्याच गाठी काढल्या असतील तर हे प्रमाण शंभरात सहाच्या आसपास राहतं. आपल्या कोणत्या पद्धतीनं आणि किती गाठी काढल्या हे प्रत्येकीनं डॉक्टरांना विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावं. सूज बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत येते, पण पाच-सात वर्षांनीही येऊ शकते. लोक तोपर्यंत काखेच्या ऑपरेशनचं विसरलेले असतात आणि सुजेचं खापर वातावर फोडून मोकळे होतात.

एके काळी डॉक्टरच सांगत, त्या हातानं जड उचलायचं नाही. हा सल्ला घरोघरी इतका मुरला आहे की बाईनं पाण्याची बादली धरली तरी कुणीतरी ओरडतं. परिणाम उलटाच होतो. खांदा आखडतो, दंडाचा जोर जातो आणि मग एक दिवस अचानक ओझं उचलावं लागलं की तोच हात दुखावतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये हा समज तपासायचं ठरवलं. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या २४ बायकांना त्यांनी ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. हे काम हातांना आणि खांद्यांना घाम फोडणारं. त्यांच्यात सुजेची एकही नवी केस निघाली नाही, आणि त्या गटाच्या धर्तीवर पुढे जगभर अशा नावा निघाल्या. २००९ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरिन श्मिट्झ यांनी याहून अवघड परीक्षा घेतली. त्यांनी हात आधीच सुजलेल्या १४१ बायका निवडल्या. निम्म्या बायकांनी वर्षभर आठवड्यातून दोनदा, हळूहळू वाढवत वजनं उचलली. त्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही. उलट, सूज उफाळून येण्याचं प्रमाण वजनं उचलणाऱ्यांत १४ टक्के, तर न उचलणाऱ्यांत २९ टक्के होतं.

यातला ‘हळूहळू’ हा शब्द सोडून चालणार नाही. त्या बायकांनी अगदी हलक्या वजनापासून आणि शिकवणाऱ्यांच्या नजरेखाली सुरुवात केली होती, हातावर दाब देणारी, मापाची स्लीव्ह घालून. हेच कान्ह्यातल्या परसात करायचं तर ऑपरेशनची जखम भरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी फक्त खांद्याचे व्यायाम करावेत. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर-वर चढत जायचं, आज कुठवर पोचलो तिथे खडूची खूण करायची आणि उद्या खुणेच्या वर जायचं. मग अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, मग एक लिटरची. भरलेला हंडा किंवा डोक्यावर गवताचा भारा हा शेवटचा टप्पा. पहिल्याच महिन्यात त्याला हात लावू नये. खरं तर भारा पुन्हा डोक्यावर घ्यावा की नाही हेही घरानं एकदा बसून ठरवावं. कामाची नवी वाटणी ही औषधाइतकी गरजेची गोष्ट आहे आणि ती कुठलाच डॉक्टर लिहून देत नाही. काखेपासून कोपरापर्यंत ताणलेल्या तारेसारखं काही हाताला लागत असेल तर तेही फिजिओथेरपिस्टला दाखवावं. व्यायामानं ते बहुधा सुटतं.

मोजमाप मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावं. त्यासाठी शिंप्याची टेप पुरते. दोन्ही हात मनगटापाशी, कोपराच्या १० सेंटिमीटर खाली आणि १० सेंटिमीटर वर मोजायचे आणि आकडे तारखेसह वहीत लिहायचे. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळी. कोणत्याही जागी फरक आधीपेक्षा दोन सेंटिमीटरनं वाढला, किंवा हात जड वाटू लागला, अंगठी रुतू लागली, ब्लाउजची बाही एकाच बाजूनं घट्ट झाली, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. सुरुवातीची सूज मसाज, पट्ट्या आणि स्लीव्हनं उतरते. जुनी झाली की ती घट्ट होत जाते. बांगड्या भरायला हरकत नाही, पण सैल असाव्यात. चुडा फुटून काच लागू नये इतकं पाहिलं की पुरे.

स्लीव्ह विकत घेताना माप तज्ज्ञाकडून घ्यावं, कारण चुकीच्या मापाची स्लीव्ह सूज वाढवू शकते. ती दिवसा घालायची असते आणि रोज धुवायची असते. मावळच्या पावसात धुतलेलं काही वाळत नाही हे ज्याला माहीत आहे त्यानं दोन स्लीव्ह घेतलेल्या बऱ्या. ओली स्लीव्ह दिवसभर घातली की त्वचेवर बुरशी येते. साधारण सहा महिन्यांनी तिचा ताण सैल होतो आणि ती बदलावी लागते.

आता लावणी. आंबेमोहराच्या वाणापासून तयार झालेला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये बाहेर पडला आणि तालुक्याची ओळख झाला. तो जुलैच्या पावसात गुडघाभर चिखलात उभं राहून लावला जातो. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला खरा धोका वजनाचा नसून जंतूंचा असतो. रोपं उपटताना पात्यानं कापतं, बोटांच्या बेचक्या पाण्यानं फुटतात, कुठे काटा, कुठे विळा. एरवी दोन दिवसांत बरी होणारी जखम या हातात सेल्युलायटिस, म्हणजे त्वचेखालचा जंतुसंसर्ग, होऊन पसरू शकते, आणि प्रत्येक वेळी पसरल्यावर सूज वाढवूनच जाते.

म्हणून खाचरात उतरताना कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालावेत. आत घाम साचतो, काम मंदावतं, शेजारणी हसतात, तरी घालावेत. परतल्यावर हात साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून तेल किंवा मलम लावावं. कापलं तर लगेच धुऊन जंतुनाशक लावावं. त्या हातावर लाली, ऊब, दुखरेपणा दिसला आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, दवाखाना गाठावा. हळदीचा लेप घालून सकाळपर्यंत थांबू नये. कान्ह्यातच सरकारी रुग्णालय आहे. तिथे पहिलं वाक्य हेच बोलावं की या बाजूच्या काखेच्या गाठी काढल्या आहेत. चुलीपाशी आणि तव्यापाशीही हेच भान ठेवावं, कारण रेडिएशन झालेल्या किंवा बधिर झालेल्या त्वचेला चटका उशिरा कळतो. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोनंतर पायाची बोटंही बधिर राहतात. बांधावरून अनवाणी चालणाऱ्या बाईचा तोल त्यामुळे जाऊ शकतो, तेव्हा पायात घट्ट बसणारी चप्पल हवी.

रक्तदाब आणि सुया शक्यतो दुसऱ्या हातावर घ्याव्यात ही जुनी शिस्त ठीक आहे. पण बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या २०१६ च्या अभ्यासात रक्तदाब मोजणं, सुई टोचणं आणि हाताची सूज यांचा संबंध सापडला नाही. तातडीच्या वेळी त्या हाताला सलाइन लागलं म्हणून घाबरून भांडत बसू नये.

हाताखालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळी, आणि तिच्याबाबतीत घरोघरी सगळ्यात जास्त हलगर्जी होते. ज्यांचा कर्करोग हॉर्मोनवर पोसणारा असतो, म्हणजे रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह लिहिलेलं असतं, त्यांना टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांपैकी काहीतरी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यावं लागतं. पाच वर्षं टॅमोक्सिफेन नीट घेतलं तर या आजारानं होणारे मृत्यू पहिल्या पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात, हे हजारो बायकांच्या एकत्रित चाचण्यांतून दिसलं आहे. दुखत नाही, खुपत नाही, मग गोळी कशाला, असं म्हणून ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद करणाऱ्या बायका त्या फायद्याला मुकतात. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी गोळ्यांची पट्टी ठेवून रोज एकाच जेवणाशी ती जोडली की विसर पडत नाही.

त्रास होतोच, आणि तो सांगायला लाजू नये. टॅमोक्सिफेननं अंगाची एकदम लाही होते, रात्री घामानं उशी भिजते. सुती कपडे, उशाशी पाणी, संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी, एवढ्यानं काहींचं भागतं. न भागल्यास त्यावर औषधं आहेत. मात्र नैराश्यासाठीच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमोक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून कोणत्याही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं तरी ही गोळी सुरू आहे हे सांगावं. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच आठवड्यात, पोटरीच्या बाबतीत त्याच दिवशी, डॉक्टरांना भेटावं. या गोळ्या घेताना गरोदर राहणं गर्भाला धोक्याचं असतं आणि गर्भनिरोधक गोळ्यांत हॉर्मोन असतात, त्यामुळे तरुण बाईसाठी तांबी किंवा निरोध हा मार्ग. मूल हवं असेल तर तेही बोलावं. निवडक रुग्णांमध्ये गोळी काही काळ थांबवून बाळंतपण करता येतं हे अलीकडच्या संशोधनानं दाखवलं आहे, पण निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

लेट्रोझोल गटातल्या गोळ्यांनी सांधे आखडतात आणि हाडं ठिसूळ होतात. सुरू करतानाच हाडांची डेक्सा तपासणी करून घ्यावी, ड जीवनसत्त्व पाहावं. नाचणीची भाकरी आणि दूध चांगलंच, पण ते पुरेसं आहे का हे रिपोर्टच सांगेल. सकाळी उठल्यावर बोटं वळत नाहीत म्हणून अंथरुणात राहावंसं वाटतं, आणि नेमकं चालण्यानंच ते दुखणं कमी होतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हे साधं माप. कान्हे फाट्यावर हायवेच्या कडेनं चालण्यापेक्षा टाकव्याच्या दिशेनं गावातल्या रस्त्यानं पहाटे निघावं, आणि दोघी-तिघींनी मिळून.

चालण्याच्या जोडीला योगही आहे. कान्ह्यापासून तीन स्टेशनं पलीकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेलं. त्याच वाटेवरचं ताजं काम मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं. तिथे डॉ. नीता नायर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाची चाचणी घेतली आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत निष्कर्ष मांडले. आजार परत न येता जगण्यात १५ टक्के सापेक्ष सुधारणा, असा आकडा तेव्हा गाजला. त्या आकड्यावर फार इमले बांधू नयेत. थकवा कमी होणं, झोप लागणं, खांदा मोकळा होणं एवढं मिळालं तरी योग करायला ते कारण पुरेसं आहे. या बायकांनी योग औषधांसोबत केला होता, औषधं सोडून नव्हे. शीर्षासन आणि हातांवर सगळा भार टाकणारी आसनं शिक्षकाला ऑपरेशनबद्दल सांगितल्याशिवाय करू नयेत.

थकवा हा मोठा छुपा शत्रू. वर्षभर, कधी त्याहून जास्त टिकतो आणि बाहेरून दिसत नाही. ‘एवढं काय, आता तर बरी झालीस’ हे वाक्य घरातल्यांनी टाळावं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासावं. पण दम लागण्याकडे थकवा म्हणून पाहू नये. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही औषधं घेतलेल्यांच्या हृदयावर परिणाम होऊ शकतो. गेल्या चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या न थांबता चढणारी बाई यंदा दहाव्या पायरीला टेकत असेल, पाय सुजत असतील, उताणं झोपल्यावर धाप लागत असेल, तर हृदयाची टू-डी इको तपासणी करून घ्यावी.

स्तन काढलेल्या बाईला आरशासमोर उभं राहणं अवघड जातं, हे तर झालंच. शिवाय एका बाजूचं वजन गेल्यानं मान आणि पाठ दुखते. सिलिकॉनचं कृत्रिम स्तन महाग आणि पावसाळी दमटपणात घाम आणणारं. ब्लाउजमध्ये कोंबलेला नुसता कापूस वर सरकतो. मुंबईच्या साइशा इंडिया फाउंडेशनच्या स्वयंसेविका सुती दोऱ्यानं विणलेली हलकी कृत्रिम स्तनं गरजू बायकांना मोफत देतात. ओळखीच्या शिंपिणीकडून ब्लाउजला आतून कप्पा शिवून घेतला की ते जागेवर राहतं.

नवरा-बायकोतलं अंतर हा विषय दवाखान्यात कुणी काढत नाही. योनीचा कोरडेपणा औषधांमुळे येतो, त्यात बाईचा दोष नसतो, आणि पाण्यात विरघळणारं वंगण औषधाच्या दुकानात मिळतं. हॉर्मोनचं मलम मात्र विचारल्याशिवाय लावू नये. आजार शिवण्यानं, एकत्र जेवण्यानं किंवा शरीरसंबंधानं पसरत नाही, हे घरच्या पुरुषाला आशाताईनं किंवा डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेलं अधिक चांगलं. तपासणीच्या आधी आठवडाभर झोप न लागणं अनेकींना होतं. ती भीती हाताबाहेर जात असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं. दुखणं किंवा सूज जुनाट झाली असेल तर पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र मोफत सेवा देतं. तिथे फक्त शेवटच्या दिवसांतले रुग्ण जातात हा गैरसमज आहे.

तपासण्यांचं वेळापत्रक साधं आहे: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा डॉक्टरांनी हातानं तपासणं. वर्षातून एक मॅमोग्राम. दोन्ही स्तन काढले असतील तर तोही सहसा लागत नाही. काहीच त्रास नसताना दर वर्षी पेट स्कॅन आणि रक्तातले ट्यूमर मार्कर करून घेण्यानं आयुष्य वाढत नाही. पैसे आणि झोप मात्र जाते. त्याऐवजी दोन-तीन आठवडे हटत नाही असं हाडाचं दुखणं, खोकला, धाप, सकाळची डोकेदुखी, कावीळ किंवा जखमेच्या व्रणावर नवी गाठ यांपैकी काही दिसलं तर तारखेआधी जावं. आजार पन्नाशीच्या आत झाला असेल किंवा आईकडच्या किंवा वडिलांकडच्या नात्यात स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग असेल तर जनुकीय समुपदेशनाबद्दल विचारावं, ते मुलींच्या आणि बहिणींच्या कामाचं असतं.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू असून संरक्षण वर्षाला ५ लाख रुपयांचं आहे. पुढच्या गोळ्या आणि तपासण्यांतलं काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. जे बसत नाही ते जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतं का पाहावं. प्रत्येक वेळी पुण्यालाच जायला हवं असंही नाही: दोन स्टेशनं अलीकडे तळेगाव दाभाड्यात कर्करोगाचं केंद्र आहे, आणि रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन कान्ह्यातच होतं. उपचार आणि तपासणीसाठीच्या लांबच्या रेल्वे प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत असते. त्यासाठीचा नमुना हॉस्पिटलातून सहीशिक्क्यासह घ्यावा. एसटीत तर २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. लोकलनं जाणार असाल तर दुपारच्या वेळी लोणावळ्याकडे गाड्या तुरळक असतात हे धरून सकाळची वेळ मागावी, आणि पिशवीत फाइलसोबत हाताच्या मापांची वही, सुरू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि विचारायच्या तीन प्रश्नांची चिठ्ठी ठेवावी.